मेलेल्या अमीराच्या नावाने : तालिबानमधील वारसाचे प्रकरण, २०१३ ते २०१६

१५ जुलै २०१५. रमजान ईद तोंडावर आली होती आणि तालिबानने दरवर्षीप्रमाणे आपला अमीर, म्हणजे सर्वोच्च नेता, मुल्ला ओमर याच्या नावाने ईदचा संदेश प्रसिद्ध केला. शत्रूशी बोलणी करण्यात शरीयतच्या दृष्टीने काही गैर नाही, असा त्यात निर्वाळा होता. आठवडाभरापूर्वी, ७ जुलैला, पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी अफगाण सरकारचे आणि तालिबानचे प्रतिनिधी समोरासमोर बसले होते. अमेरिका आणि चीनचे निरीक्षकही तिथे हजर होते. ही बोलणी तालिबानच्या बऱ्याच कमांडरांना रुचली नव्हती, पण खुद्द अमीरच हो म्हणतो म्हटल्यावर कुरकुर करणार कोण? अडचण एवढीच, की या अमीराला मरून दोन वर्षे उलटून गेली होती.

दोनच आठवड्यांनी, २९ जुलैला, अफगाण गुप्तचर संस्थेच्या प्रवक्त्याने काबूलमध्ये जाहीर केले की मुल्ला ओमर एप्रिल २०१३ मध्येच कराचीच्या एका रुग्णालयात मरण पावला. दुसऱ्या दिवशी तालिबानने मृत्यू मान्य केला, कराची मात्र नाकारली. पाठोपाठ अख्तर मोहम्मद मन्सूर हा नवा अमीर असल्याची घोषणा झाली, आणि वीस वर्षे एका माणसाच्या नावावर चाललेली संघटना पहिल्यांदा उघडपणे भांडू लागली.

या भांडणाचा अर्थ लावताना बहुतेकांनी ‘ओमर गेला म्हणून तालिबान फुटला’ असे म्हटले. मला ते पटत नाही. ओमर गेल्यावर सव्वादोन वर्षे संघटना व्यवस्थित चालली, किंबहुना वाढली. फूट पडली ती मृत्यू दडवल्यामुळे. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे ती भरून आली ती अमेरिकेच्या एका क्षेपणास्त्राने.

शपथ कोणाची?

४ एप्रिल १९९६ रोजी कंदाहारमध्ये हजाराहून अधिक मुल्ला-मौलवी जमले होते. पैगंबरांचा म्हणून तिथल्या दर्ग्यात जपलेला झगा बाहेर काढण्यात आला आणि ओमरने एका इमारतीच्या गच्चीवर उभे राहून तो जमावाला दाखवला. त्याच मेळाव्यात त्याला ‘अमीर-उल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा सरदार, ही पदवी मिळाली. रशियनांविरुद्धच्या लढाईत एक डोळा गमावलेला, खेड्यातल्या मशिदीत नमाज पढवणारा हा माणूस. मोठा आलीम, म्हणजे धर्मपंडित, नव्हता की बड्या घराण्यातला नव्हता, आणि या पदवीने ती उणीव झाकली.

तालिबानमध्ये निष्ठा वाहायची ती पक्षाला किंवा घटनेला नव्हे. कमांडर अमीराच्या हातावर बैअत करतो, म्हणजे त्या व्यक्तीशी बांधिलकीची शपथ घेतो. अमीर मेला की शपथ संपली. नव्या अमीरासाठी नव्याने घ्यायची. नवा अमीर निवडायचा तो उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, आणि जाणत्या मंडळींनी. पण ही मंडळी कोण, किती, कुठे जमणार, याचा लेखी नियम नव्हता. अमीर जिवंत असेपर्यंत त्याची गरजही पडली नव्हती. मुलगा आपोआप वारस होत नाही, पण मुलाला डावलले तर लोक विचारणारच.

डिसेंबर २००१ नंतर ओमर दिसेनासा झाला. कारभार पाहणारा त्याचा मुख्य सहकारी मुल्ला बरादर फेब्रुवारी २०१० मध्ये कराचीत पकडला गेला. त्याच्या जागी दोन माणसे वर आली : लष्करी बाजू सांभाळणारा, ग्वांतानामोत कैद भोगून आलेला अब्दुल कय्यूम झाकिर, आणि मन्सूर.

मन्सूर मूळचा कंदाहारच्या मैवंद जिल्ह्यातल्या बंद-ए-तैमूरचा, इशाकझई टोळीचा. तालिबानच्या पहिल्या राजवटीत तो नागरी हवाई वाहतूक मंत्री होता. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे अपहरण झालेले आयसी-८१४ कंदाहारच्या धावपट्टीवर उभे होते, तेव्हा त्या विमानतळाचे खाते याच माणसाकडे होते. जसवंत सिंह तिघा दहशतवाद्यांना घेऊन तिथे उतरले, ते आपल्याकडच्या लोकांना पक्के आठवते. मंत्र्याचे नाव मात्र कुणाला आठवत नाही. मन्सूरची ओळख लढवय्यापेक्षा व्यवहारी माणूस अशी होती. पैसा कुठून येतो, कुठे जातो, कोणाला किती दिला म्हणजे तो गप्प बसतो, हे त्याला कळत होते. तो मेल्यानंतर काही वर्षांनी पाकिस्तानातल्या तपासात कराचीत बनावट नावांवर घेतलेली त्याची मालमत्ता उघडकीला आली, आणि सोबत चक्क एक आयुर्विमा पॉलिसी!

सव्वादोन वर्षे

तालिबानच्याच म्हणण्याप्रमाणे ओमर २३ एप्रिल २०१३ रोजी वारला. कुठे, यावर वाद आहे. काबूल सरकार कराची म्हणत राहिले. नंतरच्या शोधपत्रकारितेतून तो शेवटची वर्षे झाबुल प्रांतातच, अमेरिकी तळापासून फारसा दूर नसलेल्या खेड्यात लपून होता असे पुढे आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तालिबानने झाबुलमधल्याच कबरीवर जाहीर कार्यक्रम केला.

राज्यकर्त्याचा मृत्यू लपवणे ही जुनीच रीत. हुमायून वारल्याची बातमी अकबराला गादीवर बसवेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच आठवडे, दाबून ठेवली होती. पण त्या गुप्ततेला मुदत होती. वारस ठरला की ती संपणार होती. इथे मुदतच नव्हती. आणि या काळात मेलेल्या माणसाच्या नावावर काय काय झाले ते पाहिले की थक्क व्हायला होते.

१८ जून २०१३ ला, मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, दोह्यात तालिबानचे राजकीय कार्यालय उघडले. तालिबानच्या ‘इस्लामी अमिराती’चा झेंडा आणि पाटी पाहून अफगाण अध्यक्ष हमीद करझाई बिथरले आणि ते लगेच बंदही पडले, पण उघडायचा निर्णय अमीराचा समजला गेला. मे २०१४ च्या अखेरीस बो बर्गडाल या अमेरिकी सैनिकाच्या बदल्यात ग्वांतानामोतून पाच बडे तालिबानी सुटले. ओमरने ‘मोठा विजय’ म्हणून अभिनंदनाचा संदेश दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाकिर लष्करी प्रमुखपदावरून बाजूला झाला. कारण प्रकृतीचे सांगितले गेले. मन्सूरशी त्याचे जमत नव्हते हे सगळ्यांना ठाऊक होते. जुलै २०१४ मध्ये अल-कायदाने ओमरशी आपली बैअत नव्याने जाहीर केली, आणि सप्टेंबरमध्ये तिचा प्रमुख झवाहिरी याने भारतीय उपखंडासाठी अल-कायदाची नवी शाखा काढली तीही ओमरच्याच झेंड्याखाली. जगभरच्या जिहादींना इस्लामिक स्टेटच्या बगदादीऐवजी आमचा अमीर श्रेष्ठ, असे झवाहिरी सांगत होता. तो अमीर वर्षभरापूर्वीच जमिनीखाली गेला होता.

कळस झाला एप्रिल २०१५ मध्ये. ओमरच्या नेतृत्वाला एकोणीस वर्षे झाल्याबद्दल तालिबानने त्याचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. तो रोजच्या घडामोडींवर लक्ष ठेवून आहे, त्याच्या मालकीचे घर नाही की परदेशी बँकेत खाते नाही, विनोदबुद्धी चांगली आहे, आवडते शस्त्र आरपीजी-७, म्हणजे खांद्यावरून डागायचे रॉकेट.

हे सगळे का केले? ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस मन्सूरच्या चरित्रात तालिबानने स्वतःच उत्तर दिले : २०१३ हे परकीय फौजांशी ताकद आजमावण्याचे निर्णायक वर्ष होते, म्हणून मोजक्या लोकांनी बातमी स्वतःजवळ ठेवली. यात तथ्य नाही असे नाही. नाटोची लढाऊ मोहीम २०१४ च्या अखेरीस संपणार होती, आणि परके निघून जायच्या आत आपण फुटलो असे दिसणे त्यांना परवडले नसते. पण २०१५ उजाडले, फौजा घटल्या, तरी बातमी बाहेर आली नाही. तोवर गुप्तता मन्सूरच्या सोयीची झाली होती. अमीराला भेटायचे आहे असे कोणी म्हटले की सुरक्षेचे कारण तयार होते. अमीराचा हुकूम दाखवायचा तो मन्सूरनेच.

याचा एक अर्थ तालिबानच्या शत्रूंनी तेव्हा काढायला हवा होता. नेता नसताना दोन वर्षे पगार, नेमणुका, उन्हाळी मोहिमा, परराष्ट्र व्यवहार सगळे चालत असेल तर ती संघटना नेत्यावर चालत नाही. ती समित्या, प्रांतांत तालिबानने नेमलेले समांतर ‘सावली-गव्हर्नर’ आणि वसुली यांवर चालते. नेत्याचे नाव लागते. नेता लागतोच असे नाही.

कोंबडे झाकले तरी

नाव वापरणाऱ्याला आव्हान मिळाले ते बाहेरून. २६ जानेवारी २०१५ ला इस्लामिक स्टेटने ‘खोरासान’ शाखा जाहीर केली. तिच्यात गेलेल्या नाराज तालिबान्यांचा प्रश्न साधा होता : बगदादी मोसुलच्या मशिदीत उभा राहून दिसतो, तुमचा अमीर कुठे आहे? १६ जूनला मन्सूरने बगदादीला खुले पत्र लिहून अफगाणिस्तानात दोन झेंडे नकोत म्हणून बजावले. स्वतःच्या नावाने लिहिले, हे लक्षात घ्या. ओमरच्या नावाने लिहिले असते तर ‘आवाज ऐकवा’ अशी मागणी आली असती.

आतूनही कुजबुज वाढली. जुलैमध्ये फिदाई महाज या फुटीर गटाने ओमर मेल्याचे उघड सांगितले. मग मरीची बोलणी आणि तो ईदचा संदेश. बोलण्यांच्या विरोधकांचा संयम इथे संपला असावा : ज्या गोष्टीला आमचा कडवा विरोध आहे ती अमीराच्या तोंडून येते, तर अमीर दाखवा. मन्सूरने मेलेल्या माणसाकडून एक सही जास्त घेतली.

बातमी फुटल्यावर पाकिस्तानातल्या क्वेट्टाच्या आसपास घाईघाईने बैठक झाली आणि मन्सूर अमीर ठरला. नायब म्हणून हक्कानी गटाचा सिराजुद्दीन आणि न्यायालयांचा प्रमुख हैबतुल्ला अखुंदजादा. ओमरचा भाऊ अब्दुल मनान आणि पंचविशीतला मुलगा याकूब बैठकीतून उठून गेले. दोह्याच्या राजकीय कार्यालयाचा प्रमुख तय्यब आगा याने ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात राजीनामा दिला. हा एके काळी ओमरचा सचिव होता. त्याचे आक्षेप दोन : मृत्यू दडवणे ही ऐतिहासिक चूक, आणि अमीराची निवड देशाबाहेर होणे ही दुसरी. दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा होता, कारण त्यात पाकिस्तानचे नाव न घेता पाकिस्तान होता.

मन्सूर लायक नाही, असे फारसे कोणी म्हणत नव्हते. दोन वर्षे तोच गाडा हाकत होता. आक्षेप होता तो रीतीवर : आम्हाला फसवले, आमच्या शपथा मेलेल्या माणसाला घ्यायला लावल्या, आणि आता निवडही मूठभरांनी केली. अशा आक्षेपाला लायकी दाखवून उत्तर देता येत नाही.

दहा महिन्यांची जुळवाजुळव

१ ऑगस्टला मन्सूरची ध्वनिफीत आली. एकजूट ठेवा, आपण फुटलो तर शत्रूला आनंद होईल, जिहाद चालूच राहील. बोलण्यांच्या बातम्या हा शत्रूचा अपप्रचार. मरीची ३१ जुलैला ठरलेली दुसरी फेरी आधीच बारगळली होती. ज्या बोलण्यांसाठी त्याने ओमरचे नाव पणाला लावले, ती त्याने स्वतः अमीर होताच सोडून दिली. वारसाचा झगडा चालू असताना मवाळ दिसणे कोणालाच परवडत नाही, मग तो मनातून कितीही व्यवहारी असो.

१३ ऑगस्टला झवाहिरीने मन्सूरशी बैअत जाहीर केली. दोन वर्षे आपल्यालाही अंधारात ठेवले होते का, याबद्दल अवाक्षर नाही.

घरच्यांची समजूत काढायला दीडेक महिना लागला. सप्टेंबरच्या मध्याला याकूब आणि मनान यांनी शपथ घेतली. फळ एप्रिल २०१६ मध्ये दिसले : याकूबकडे पंधरा प्रांतांची लष्करी जबाबदारी आणि नेतृत्व परिषदेत जागा, मनानकडे धर्मप्रचाराचा विभाग. झाकिरने मार्च २०१६ च्या अखेरीस शपथ घेतली. मन्सूरने या तिघांपैकी कोणालाही संपवले नाही. वाट पाहिली, मध्यस्थ पाठवले, पदे दिली.

ज्यांना विकत घेता येत नव्हते त्यांच्याशी तो वेगळा वागला. झाबुलमध्ये मन्सूर दादुल्ला हा जुना बंडखोर कमांडर उझबेक लढवय्यांना हाताशी धरून बसला होता. या उझबेकांच्या संघटनेने ओमरच्या मृत्यूचे प्रकरण निघताच इस्लामिक स्टेटकडे निष्ठा वळवली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तालिबानने मोठी फौज पाठवून दोघांचाही निकाल लावला. दादुल्ला मारला गेला. याच धुमश्चक्रीत, ओलीस धरलेल्या, हजारा जमातीच्या सात प्रवाशांची गळे चिरलेली प्रेते सापडली. त्यांत एक लहान मुलगी होती. शवपेट्या घेऊन हजारो लोक काबूलच्या रस्त्यावर उतरले. वारस कोण, हा प्रश्न क्वेट्टातल्या मौलवींचा असेल, त्याची किंमत मोजणारे हे होते.

पश्चिमेकडे फराहमध्ये निमरोझचा माजी गव्हर्नर मुल्ला रसूल याने नोव्हेंबरमध्येच स्वतःला वेगळ्या गटाचा नेता म्हणवून घेतले. हेरात-फराहच्या पट्ट्यात त्याच्या माणसांशी चकमकी होत राहिल्या, पण मुख्य प्रवाहाला त्याचा धक्का बसला नाही.

मन्सूरला खरी साथ दिली ती कुंदुझने. २८ सप्टेंबर २०१५ ला तालिबानने ते शहर घेतले. २००१ नंतर त्यांच्या हाती आलेले हे पहिले प्रांतिक मुख्यालय. पंधरवड्यात सोडावे लागले. अमेरिकी विमानाने तिथले ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे रुग्णालय उद्ध्वस्त करून ४२ माणसे मारली ती याच लढाईत. तालिबानच्या आत कुंदुझने मन्सूरची बाजू एका रात्रीत भक्कम केली. फसवून अमीर झाला असेल, पण २००१ नंतर ओमरच्या हयातीत जे जमले नाही ते याने करून दाखवले. यशस्वी माणसाची निवड-पद्धत लोक फार दिवस तपासत नाहीत.

तरीही संशय पूर्ण गेला नव्हता. डिसेंबरमध्ये क्वेट्टाजवळच्या कुचलाकमध्ये बैठकीतच गोळीबार होऊन मन्सूर जबर जखमी झाल्याची, मेल्याचीही बातमी पसरली. या वेळी तालिबानने दिवस घालवले नाहीत. मन्सूरच्या आवाजातली फीत लगेच आली. धडा घेतला होता.

चार दिवस

२१ मे २०१६. इराणहून तफ्तानच्या सीमेवरून एक पांढरी टोयोटा क्वेट्टाकडे निघाली होती. बलुचिस्तानात नुश्कीजवळ अहमद वाल इथे अमेरिकी ड्रोनने ती उडवली. प्रवाशाकडे ‘वली मोहम्मद’ नावाचा पाकिस्तानी पासपोर्ट होता. तो मन्सूर होता. गाडीचा चालक भाड्याने गाडी चालवणारा साधा माणूस होता. त्याच्या भावाने नंतर अमेरिकी अधिकाऱ्यांविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली.

ओबामांनी २३ तारखेला मृत्यूला दुजोरा देताना, आता तरी तालिबानने समेटाची वाट धरावी, असे सांगितले. हिशेब असा दिसतो : आधीच दुभंगलेली संघटना, एका वर्षात दुसरा वारसाप्रश्न, त्यात ती आणखी फुटेल किंवा नमेल.

२५ मे रोजी, चौथ्या दिवशी, तालिबानने मृत्यू मान्य करून त्याच निवेदनात नवा अमीर जाहीर केला : हैबतुल्ला अखुंदजादा. नायब सिराजुद्दीन हक्कानी आणि मुल्ला याकूब. मोठे नाव कोणी बाहेर पडले नाही. झवाहिरीची बैअत जूनमध्ये आली.

सव्वादोन वर्षे लपवूनही जे शांतपणे पार पडले नाही ते चार दिवसांत कसे झाले? एक कारण असे, की बातमी अमेरिकेनेच फोडली होती. लपवण्याचा मोह कोणाला होणेच शक्य नव्हते. दुसरे, हवी ती देवाणघेवाण मन्सूरने आधीच उरकून ठेवली होती. याकूब परिषदेत होता, झाकिर परतला होता, बंडखोर मेले होते किंवा कोपऱ्यात ढकलले गेले होते. तिसरे, सगळ्यांना खटकणारा माणूस स्वतःच नाहीसा झाला होता, तोही शत्रूच्या हातून, म्हणजे शहीद म्हणून. फसवणुकीचा राग ज्याच्यावर होता त्याचा हिशेब मिटला आणि त्याने बांधलेली घडी मात्र शिल्लक राहिली. अमेरिकेने तालिबानची मोठी अडचण सोडवली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

चौथे कारण स्वतः हैबतुल्ला. कंदाहारच्या पंजवाईचा, नूरझई टोळीचा, क्वेट्टाजवळ कुचलाकच्या मदरशात शिकवणारा, काझी म्हणून निकाल देणारा. त्याच्याकडे स्वतःची फौज नव्हती. सिराजुद्दीनकडे होती, पण तो आग्नेयेकडच्या झद्रान टोळीचा; कंदाहारी मंडळींनी त्याला वर बसू दिले नसते. याकूबकडे नाव होते, वय नव्हते. वय कमी म्हणून त्याने स्वतःच हैबतुल्लाचे नाव सुचवले, असेही सांगितले जाते. दोन बलवानांना एकमेकांपेक्षा बिनफौजेचा मौलवी परवडला. शिवाय जी निवड रीतीवरून नासली होती, तिला उलेमांमधल्याच माणसाने रीत परत मिळवून दिली.

तडजोडीचा माणूस

तडजोडीचा उमेदवार दुबळा राहील, ही समजूत राजकारणात सगळीकडे असते आणि सगळीकडेच कधी ना कधी फसते. जुलै २०१७ मध्ये हैबतुल्लाचा मुलगा हेलमंदमध्ये आत्मघाती हल्ल्यात मेला. हजारो पोरांना मरायला धाडणाऱ्या नेत्यांची पोरे सहसा सुरक्षित असतात. इथे तसे म्हणता येईना, आणि त्याचा दरारा वाढला. ऑगस्ट २०१९ मध्ये कुचलाकच्या मशिदीतल्या स्फोटात त्याचा भाऊ गेला.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडल्यावर सिराजुद्दीनला गृह आणि याकूबला संरक्षण खाते मिळाले. सैन्य-पोलीस दोन्ही नायबांच्या हातात, तरी निर्णय कंदाहारात बसलेल्या हैबतुल्लाचे. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडायच्या होत्या. मंत्रालयाने तसे जाहीर केले होते. मुली दप्तर घेऊन वर्गात पोहोचल्या आणि त्यांना परत पाठवण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांच्यासाठी विद्यापीठेही बंद झाली. काबूलमधल्या मंत्र्यांना यातले बरेच मान्य नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिराजुद्दीनने खोस्तमध्ये भाषण करून सत्ता एका हाती एकवटण्यावर बोट ठेवले, नाव न घेता. बोट ठेवले, पुढे काही केले नाही. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने महिला-मुलींच्या छळाबद्दल हैबतुल्लावर अटक वॉरंट काढले. त्यानेही कंदाहारचे काही हलले नाही.

आणि हा अमीरही दिसत नाही. जुन्या एक-दोन छायाचित्रांपलीकडे त्याची प्रतिमा नाही. सत्ता आल्यानंतरही तो मेल्याच्या अफवा उठल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंदाहारच्या मदरशातल्या भाषणाची ध्वनिफीत काढावी लागली. २०१५ मधला ‘अमीर दाखवा’ हा प्रश्न त्यांनी अमीर दाखवून सोडवलाच नाही. आवाज ऐकवून भागवले.

पुढची जागा रिकामी होईल तेव्हा २०१६ ची घडी उपयोगी पडेल, असे मला वाटत नाही. तेव्हा दोन्ही नायब एका काझीवर राजी झाले, कारण लढाई चालू होती आणि वाटायला राज्य नव्हते. आता दोघांकडे मंत्रालये आहेत, बंदुका आहेत, सीमाशुल्काचे उत्पन्न आहे, दूतावासांशी संबंध आहेत. आणि कंदाहारच्या उलेमांना स्वतःचा माणूस वर ठेवायची सवय लागली आहे. निवड कोणी, किती जणांनी, कुठे बसून करायची, याचा सर्वांनी मान्य केलेला नियम १९९६ मध्ये नव्हता, २०१५ मध्ये नव्हता, आणि राज्य हाती आल्यावरही तो सिद्ध झालेला दिसत नाही. याकूब आता पंचविशीतला राहिलेला नाही.